हेलसिंग अल्टिमेटचा दहावा भाग: तिथवर कसं पोहोचायचं, तिथे काय बघायचं

लाल कोट, रुंद कडेची टोपी, केशरी काचांचा चष्मा आणि दोन्ही हातांत अवाढव्य पिस्तुलं. ‘हेलसिंग’ या जपानी अॅनिमेशन (अॅनिमे) मालिकेतला व्हॅम्पायर आलुकार्ड, त्याची ही छबी कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये बघितलेली असतेच. मग कुणीतरी सांगतं की शेवटचा भाग जबरदस्त आहे, आणि नवखा माणूस थेट दहावा भाग लावून बसतो. वीसेक मिनिटांत त्याला कळेनासं होतं की कोण कुणाचा, हा म्हातारा कोण, ती मुलगी एका हाताने काय करतेय, आणि जाडगेला चष्मेवाला एवढा खूश का आहे.

तसं होऊ नये म्हणून हा लेख. शेवट इथे फोडलेला नाही. आधीच्या भागांतल्या काही गोष्टी मात्र सांगाव्या लागल्या आहेत. त्याही नको असतील तर पहिल्या तीन पायऱ्या वाचून थांबा.

पहिली पायरी: योग्य हेलसिंग निवडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण हेलसिंग नावाच्या दोन वेगळ्या अॅनिमे मालिका आहेत आणि दोघींचे शेवट वेगवेगळे आहेत.

मूळ मांगा (जपानी चित्रकथा) कौता हिरानोचा. १९९७ साली तो ‘यंग किंग अवर्स’ या जपानी मासिकात सुरू झाला आणि २००८ मध्ये दहा खंडांत संपला. मांगा अर्ध्यावरही आला नव्हता तेव्हा, २००१ मध्ये, गोंझो स्टुडिओने तेरा भागांची टीव्ही मालिका केली. पुढची गोष्ट हिरानोच्याच हातून उतरायची होती, म्हणून टीव्हीवाल्यांनी उत्तरार्ध स्वतः रचला आणि इन्कॉग्निटो नावाचा खलनायकही स्वतःच आणला. मांगात तो कुठेच नाही.

हेलसिंग अल्टिमेट हा दुसरा प्रकार. फेब्रुवारी २००६ ते डिसेंबर २०१२ या काळात त्याचे दहा भाग निघाले. ते टीव्हीसाठी नव्हतेच, सरळ डिस्कवर विकायला काढलेले होते. असल्या मालिकेला ओव्हीए म्हणतात. एकेक भाग साधारण चाळीस मिनिटांपासून तासाभराच्या वरपर्यंत जातो आणि कथा मांगाच्या बोटाला धरून चालते. आपल्याला ज्याचा शेवट बघायचाय ते हे.

थोडक्यात, भागांची यादी तेरावर संपत असेल तर ती टीव्ही मालिका आणि दहावर संपत असेल तर अल्टिमेट. टीव्ही मालिका टाकाऊ अजिबात नाही. यासुशी इशीचं तिचं संगीत मला अल्टिमेटच्या संगीतापेक्षा जास्त आवडतं. पण ती आधी बघितलीत तर पात्रांबद्दल चुकीचे अंदाज डोक्यात बसतील. तिला नंतरसाठी ठेवा.

दुसरी पायरी: प्रत मिळवा

ऑनलाइन बघणार असाल तर आधी दहाही भाग तिथे आहेत का ते तपासा. या मालिकेचे हक्क बरेच फिरले आहेत. अमेरिकेत सुरुवातीचे भाग जिनिऑनने काढले, २००७ मध्ये त्या कंपनीने तिथलं दुकान आवरलं, मग फ्युनिमेशनने मालिका घेतली, आणि पुढे फ्युनिमेशनच क्रंचीरोलमध्ये विरघळलं. त्यामुळे एखाद्या ठिकाणी मालिका आज दिसते आणि काही महिन्यांनी दिसत नाही. सातव्या भागावर येऊन अडकण्यापेक्षा दोन मिनिटं आधी घालवलेली बरी.

डिस्क मागवायची असेल, म्हणजे अमेरिकेतल्या मावशीच्या किंवा चुलतभावाच्या बॅगेतून, तर रीजनचा, म्हणजे कुठल्या देशाची डिस्क कुठल्या प्लेअरवर चालते याचा, घोळ समजून घ्या. ब्ल्यू-रेच्या हिशेबात अमेरिका आणि जपान रीजन ए मध्ये येतात, भारत रीजन सी मध्ये. डीव्हीडीच्या हिशेबात अमेरिका १, जपान २ आणि भारत ५. म्हणजे तिकडची डिस्क इकडच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. मल्टिरीजन प्लेअर असेल तर प्रश्न मिटला. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन बदलता येतं, पण मोजून पाच वेळा. पाचवा बदल कायमचा होतो. हौसेने इकडेतिकडे करत बसू नका.

अमेरिकन संचांची विभागणी अशी आहे: एक ते चार, पाच ते आठ, नऊ आणि दहा. शेवटचा संच २०१४ मध्ये आला. पाहुण्याला सांगताना नुसतं ‘हेलसिंगची डिस्क आण’ म्हणालात तर टीव्ही मालिका हातात पडायची शक्यता दाट. ‘अल्टिमेट’ हा शब्द लिहूनच पाठवा.

तिसरी पायरी: भाषा ठरवा, आणि पोटाची तयारी करा

अॅनिमे जपानीतच बघायचं असा अनेकांचा नेम असतो. इथे तो थोडा सैल सोडायला हरकत नाही. गोष्ट इंग्लंडमध्ये घडते, पात्रं इंग्रज, आयरिश, जर्मन, इटालियन आहेत. इंग्रजी डबमध्ये त्यांचे उच्चार खरोखर वेगवेगळे ऐकू येतात आणि क्रिस्पिन फ्रीमनचा आलुकार्ड शांतपणे धमकी देतो तेव्हा अंगावर काटा येतो. जपानीत आलुकार्डचा आवाज जोजी नाकाटाचा आणि त्याचा वैरी फादर अँडरसनचा नोरिओ वाकामोटोचा. वाकामोटो एकेक शब्द असा चावून बोलतो की ते सोडवत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा इंग्रजी, दुसऱ्यांदा जपानी. चौथ्या भागातलं मेजरचं, म्हणजे मुख्य खलनायकाचं, युद्धावरचं भाषण मात्र दोन्हीत ऐका.

आता पोटाची तयारी. ही मालिका प्रौढांसाठी आहे आणि ते नावापुरतं नाही. रक्ताचे पाट, तुटके अवयव, अर्वाच्य शिव्या, सगळं आहे. दुसऱ्या भागातला यान व्हॅलेंटाइनने तोंड उघडलं की गटार वाहतं. सातव्या भागात आलुकार्डची साथीदार सेरास हिच्या लहानपणाची आठवण येते. त्यात तिच्या आईवडिलांचं जे होतं ते बघणं अवघड आहे. जेवता जेवता लावू नका आणि घरात लहान मुलं जागी असतील तर मुळीच नको. खलनायक नाझी आहेत, त्यामुळे स्वस्तिक आणि लष्करी गणवेश सतत दिसतात. मालिका त्यांचं कौतुक करत नाही, पण त्यांना रुबाबदार दाखवायचा मोह तिला आवरलेला नाही. हे मला आजही थोडं खटकतं.

चौथी पायरी: चार जुन्या गोष्टी माहीत करून घ्या

अभ्यास नको, तासभर पुरे.

पहिली, ब्रॅम स्टोकरची १८९७ ची ड्रॅक्युला कादंबरी. सगळी वाचायला वेळ नसेल तर शेवट तरी वाचा. तिथे काउंट ड्रॅक्युलाला संपवतो तो कुणी देवदूत नाही की दुसरा राक्षस नाही. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, एक अमेरिकन गडी आणि टंकलेखन करणारी मिना हार्कर, अशी साधी माणसं त्याचा युरोपभर पाठलाग करतात आणि सूर्य बुडता बुडता त्याला गाठतात. त्यांच्यातला एक त्यात मरतो. माणूसच राक्षसाला मारू शकतो, हा विचार हिरानोने इथून उचलला आणि दहाव्या भागापर्यंत नेला. हेलसिंग हे आडनाव कादंबरीतल्या प्राध्यापकाचंच, आणि मिनाचं नावही लक्षात असू द्या.

दुसरी, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक भांडण. हेलसिंग ही ब्रिटिश राजघराण्याची प्रोटेस्टंट संघटना. व्हॅटिकनचा गुप्त तेरावा विभाग, इस्कॅरियट, हा तिचा हाडवैरी. फादर अँडरसन त्यांचा हुकमी एक्का. वसई-गोव्याकडच्या वाचकांना पंथभेद समजावायची गरज नाही. त्यांनी फक्त एवढी तयारी ठेवावी की इथले बिशप आणि पाद्री फारच भडक रंगवले आहेत.

तिसरी, लंडनवरचे हवाई हल्ले. १९४० मध्ये हिटलरने ब्रिटनवर चढाई करायची योजना आखली होती, तिचं नाव सी लायन. ती कधी अमलात आली नाही. कथा घडते १९९९ मध्ये, आणि मेजर आपल्या हल्ल्याला दुसरी सी लायन म्हणवतो. तो झेपलिनं (वायूने तरंगणारी लांबोडकी हवाई जहाजं) घेऊन येतो, आणि लंडनवर झेपलिनांतून बॉम्ब पडले होते ते त्याही आधी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात. विसाव्या शतकातल्या दोन्ही युद्धांची भुतं हा माणूस शतकाच्या शेवटी एकदम उठवतो.

चौथी, वेबरचा ‘डेर फ्रायशुट्झ’ हा १८२१ चा जर्मन ऑपेरा. शिकाऱ्याला जादूच्या सात गोळ्या मिळतात. सहा त्याच्या मनाप्रमाणे लागतात, सातवी सैतानाच्या. चौथ्या भागातली मेजरची नेमबाज रिप व्हॅन विंकल लांब बंदूक घेऊन गुणगुणते ते उगाच नाही.

पाचवी पायरी: या क्रमाने बघा

पहिला आणि दुसरा भाग एका बैठकीत. पहिल्यात पोलीस शिपाई सेरास व्हिक्टोरिया चेडर गावात मरता मरता आलुकार्डच्या हाती लागते आणि व्हॅम्पायर होते. त्यातच पुढे हेलसिंगची प्रमुख झालेल्या, तेव्हा बारा वर्षांच्या इंटेग्राला तळघरात बांधून ठेवलेला आलुकार्ड कसा सापडला तेही येतं. दुसऱ्यात व्हॅलेंटाइन भावांची हेलसिंगच्या वाड्यावर धाड. हा भाग निव्वळ मारामारीचा वाटतो. तिथेच वॉल्टर या म्हाताऱ्या बटलरची खरी ओळख होते, म्हणून गाळू नका.

तिसरा आणि चौथा दुसऱ्या बैठकीत. तिसऱ्यात मंडळी ब्राझीलला जातात. रिओच्या हॉटेलात आलुकार्ड इंटेग्राला फोनवर हुकूम मागतो. तो प्रसंग नीट ऐका: बंदूक भरीन मी, नेम धरीन मी, चाप ओढीन मी, पण मारायची इच्छा तुझी असली पाहिजे, अशा अर्थाचं तो बोलतो. अख्ख्या मालिकेचा खांब म्हणजे हे बोलणं. चौथ्यात मेजरचं भाषण आणि भर समुद्रात ईगल जहाजावरचा हल्ला.

पाचवा एकटा बघा. लंडन इथे पेटतं. वाईट वाटून घ्यायला वेळ हवा.

सहावा आणि सातवा मात्र तोडू नका. मेजरची अधिकारी झोरिन ब्लिट्झ हेलसिंगच्या वाड्यावर चालून येते, पिप बर्नाडॉट आणि त्याचे भाडोत्री सैनिक तो लढवतात, आणि सेरासची अर्धी गोष्ट इथे पुरी होते. मला विचाराल तर सबंध मालिकेतला सगळ्यात चांगला तास-दीड तास हाच. आलुकार्ड इथे जवळपास नाही आणि त्याची उणीव भासत नाही, यातच काय ते आलं. सेरासला गमतीचं पात्र समजून सुरुवात केलेली असते, तिथून उठताना तसं वाटत नाही.

आठवा आणि नववा एकत्र. आलुकार्ड धुक्यातून ईगल जहाजावरून लंडनला परततो. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युलाला घेऊन, सुकाणूला बांधलेल्या मेलेल्या कप्तानासह, डेमेटर जहाज व्हिटबीच्या किनाऱ्याला लागतं, ते आठवेल. पुढे शून्य पातळी (आलुकार्डची सगळी शक्ती मोकळी सुटते ती), इस्कॅरियटचा प्रमुख मॅक्सवेलची धर्मसेना, अँडरसनशी अखेरची लढत. दृश्यांच्या मानाने मालिकेचा कळस हाच, दहावा नव्हे. रील्समध्ये दिसतात तेही बहुतेक इथले तुकडे.

मधे मधे चित्रं बदलल्यासारखी वाटली तर डोळ्यांना दोष देऊ नका. पहिले चार भाग सॅटेलाइट स्टुडिओचे, पुढचे तीन मॅडहाउसचे, शेवटचे तीन ग्राफिनिकाचे. सातवा आला २००९ च्या अखेरीस आणि आठवा २०११ च्या मध्यावर. तेव्हाच्या प्रेक्षकांनी दीड वर्ष वाट बघितली, आपण पाणी पिऊन पुढचा लावतो. ऐन रक्तपातात पात्रं एकदम चिमुकली, बटाट्यासारखी होऊन विनोद करू लागतात तेही मुद्दामच. हिरानोच्या मांगातच ते आहे.

सहावी पायरी: दहाव्याआधी या गोष्टी मनात ताज्या करा

आलुकार्ड कुणाला मान देतो आणि कुणाला कुत्रं म्हणून झिडकारतो, ते आठवा. ताकद हा निकष नाही. ल्यूक व्हॅलेंटाइन ताकदवान होता. अँडरसनच्या बाबतीत आलुकार्ड काय विनवतो आणि नंतर त्याचा चेहरा कसा होतो, तेही आठवा.

सेरास रक्त प्यायला इतके दिवस का नकार देत होती?

मेजरकडे हजार व्हॅम्पायरांची पलटण आहे. अमरत्व त्याच्या हाताखालच्या डॉक्टरच्या प्रयोगशाळेत तयार होतं. मग तो स्वतः व्हॅम्पायर का झाला नाही? मालिका हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही, आणि दहाव्या भागाची किल्ली त्यातच आहे.

वॉल्टर म्हातारपणाबद्दल जाता जाता काय काय बोलून गेला, ते चाळा. इंटेग्राला चावून घेऊन व्हॅम्पायर व्हायची संधी होती, तेव्हा तिने काय उत्तर दिलं, तेही. आणि मांजराच्या कानांचा तो आगाऊ पोरगा श्रोडिंगर: ‘मी सगळीकडे आहे आणि कुठेच नाही’ हे त्याचं वाक्य वात्रटपणा समजून सोडून देऊ नका. त्याचं नाव ज्या शास्त्रज्ञावरून आलं त्याच्या पेटीतल्या मांजराची गोष्ट माहीत नसेल तर दोन परिच्छेद वाचून घ्या. शेवट कळायला तेवढं भौतिकशास्त्र लागतं, जास्त नाही.

सातवी पायरी: दहावा भाग

तासाभराहून थोडा मोठा आहे. फोन लांब ठेवा. यूट्यूबच्या टिप्पण्या आणि विडंबनं आधी अजिबात बघू नका. मालिकेची इंग्रजी विडंबनं फार गाजलेली आहेत, मजेदारही आहेत, पण ती आधी बघितली की मेजरच्या गंभीर वाक्यांवर चुकीच्या जागी हसू येतं.

तीन धागे एकाच वेळी चालतात. खाली जळत्या लंडनमध्ये आलुकार्डची लढत. वर झेपलिनमध्ये सेरास आणि मेजरचा माणूस कॅप्टन, जो मालिकाभर एक शब्द बोललेला नाही. आणि त्याच झेपलिनच्या आतल्या दालनात इंटेग्रा आणि मेजर समोरासमोर. नवखे प्रेक्षक पहिल्या धाग्यावर डोळा ठेवतात, कारण आलुकार्ड तिथे आहे. माझं सांगणं आहे की तिसरा धागा पकडा. तिथे कोलांट्या नाहीत. दोन माणसं बोलतात. माणूस कशाला म्हणायचं, शरीराला की इच्छेला, यावर मेजर आपली बाजू मांडतो. पंचाईत अशी की त्याचं म्हणणं तितकंसं चुकीचं नाही. हा नीच माणूस त्या घडीला मालिकेतली सगळ्यात नेमकी वाक्यं बोलतो. इंटेग्रा वाद घालण्यात फार वेळ दवडत नाही. तिला जे करायचंय ते ती करते. तिच्या हातात पिस्तूल आहे आणि ती साधी माणूस आहे, एवढं पुरतं.

स्टोकरचा शेवट वाचून आला असाल तर या ठिकाणी दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटताना दिसतील. नसेल वाचला, तर ही नुसती खलनायकाशी झालेली शेवटची भेट वाटेल आणि ‘एवढंच?’ असं तोंडातून येईल. अनेकांच्या तोंडून येतं.

आलुकार्डच्या धाग्यात एका ठिकाणी गोष्ट तुटल्यासारखी वाटेल. काय झालं ते चटकन कळत नाही. मागे जाऊन श्रोडिंगर काय करतो ते परत बघा, मग मेजर का खूश होतो ते बघा. मेजरची इतक्या वर्षांची तयारी लंडन जिंकायची नव्हतीच, हे तिथे उघड होतं.

लढाई संपली म्हणून बंद करू नका. पुढे काळाची मोठी उडी आहे. तो तुकडा शांत आहे, थोडा थट्टेचाही, आणि त्यात इंटेग्राचा चेहरा बघण्यासारखा आहे. वॉल्टर जे भोगतो आणि इंटेग्रा जे स्वीकारते ते शेजारी ठेवून बघितलं तर हिरानो कुणाच्या बाजूला आहे ते कळतं.

नंतर

लगेच परत बघायचं असेल तर पहिला भाग लावा, दहावा नको. पहिल्या पाच मिनिटांतच किती गोष्टी तेव्हा सांगून टाकल्या होत्या ते दिसतं.

‘द डॉन’ ही उपकथाही आहे: १९४४ चं वॉर्सा, चौदा वर्षांचा वॉल्टर, आणि भलत्याच रूपातला आलुकार्ड. हिरानोने मांगातली ही कथा अर्धीच सोडली. अॅनिमे रूपातले तिचे तीन छोटे तुकडे आठव्या ते दहाव्या भागांच्या जपानी मर्यादित आवृत्त्यांसोबत आले होते. त्या दहाव्याच्या आधी शोधत बसू नका. वॉल्टरचा शेवट माहीत झाल्यावर त्या पोराचा माज वेगळाच दिसतो.

मांगा वाचणार असाल तर सातव्या किंवा आठव्या खंडापासून उचलला तरी चालतं, गोष्ट तर माहीतच असते. हिरानोची काळी शाई दुपानी चित्रांत जी पसरते ती पडद्यावर पूर्ण उतरलेली नाही. टीव्ही मालिका आता खुशाल बघा. इन्कॉग्निटो तिथे तुमची वाट बघतोय आणि या खेपेला तो कोण हे शोधत बसावं लागणार नाही. आणि हिरानोच्या ‘ड्रिफ्टर्स’च्या वाटेला जायचं असेल तर एवढं माहीत असू द्या की तो मांगा २००९ पासून चालू आहे आणि हा गृहस्थ सावकाश काढतो.